दत्तोपंतांचा एक माघ

दत्तोपंतांचं सर्व्हिस बुक माझ्या हातानं चुकलं. एवढं एक वाक्य लिहायचं मी कित्येक वर्षं टाळलं. विषय निघाला की मी चहा सांगायला उठायचो. आता ऐंशी उलटली, पटकन उठणंही जमत नाही, म्हणून लिहितो.

ग्वाल्हेर संस्थान विलीन होऊन मध्य भारत झाला होता, तेव्हाची गोष्ट. उज्जैनच्या एका सरकारी कचेरीत मी एस्टॅब्लिशमेंटचा क्लार्क होतो. प्रत्येक नोकरदाराचं एक सर्व्हिस बुक असतं. जन्म, नेमणूक, बढती, रजा, सगळं त्यात. संस्थानच्या बुकांत तारखा विक्रम संवतातल्या होत्या. नव्या सरकारला त्या इंग्रजी सालात हव्या होत्या.

"वामनराव, दिवाली से पहले सब निपटाइए," हेडक्लार्क तिवारीजी म्हणाले. कपाटं चार आणि मी एकटा.

माझ्या समोरच्या टेबलावर दत्तोपंत बसायचे. ते नकलनवीस, म्हणजे सरकारी कागदांच्या सुवाच्य नकला करणारे. त्यांना घशाचा कॅन्सर होता. मुंबईहून क्ष-किरणांचे शेक घेऊन आले होते. पंचावन्न गाठणं कठीण, असं तिथल्या डॉक्टरनं सांगितलेलं. पंचावन्नला रिटायरमेंट. दत्तोपंतांनी ठरवलं होतं, पंचावन्न पूर्ण करायची आणि ती याच खुर्चीत.

त्यांच्या आनंदाचा मला जाच व्हायचा. शाईची दौत संपली, जिलबी. मुंबईहून येऊन शंभर दिवस झाले, जिलबी. पोळीचा घास गिळता आला, त्याचीही जिलबी. स्वतः एक तुकडा दुधात भिजवून चोखत बसायचे. पाकाचे थेंब माझ्या रजिस्टरवर.

"दादा, आज कशाची?"

"जिना न थांबता चढलो रे. तोंड गोड कर."

"मी रोज चढतो. मला कोणी विचारत नाही."

"मग तूही वाट की! कोण अडवतंय?" म्हणून घोगरं हसायचे.

संवतातून सत्तावन्न वजा केले की इसवी साल येतं, एवढं मला ठाऊक होतं. मी भराभर वजाबाक्या केल्या. पण इसवी साल जानेवारीत बदलतं, आमच्याकडचा संवत मात्र चैत्रापर्यंत तोच राहतो. त्यामुळे माघ-फाल्गुनातल्या जन्माला छप्पन्नच वजा करायचे असतात. मी सरसकट सत्तावन्न लावले. माघातले दत्तोपंत कागदावर एका वर्षानं म्हातारे झाले.

रिटायरमेंटची ऑर्डर आली. ते बोटं मोजत माझ्याकडे आले.

"वामन, माझ्या हिशेबानं अजून एक माघ बाकी आहे. जरा बघतोस का?"

दिवाळी कधीच होऊन गेली होती. मी अजून तिसऱ्या कपाटात डोकं घालून बसलो होतो. "दादा, तुमचा हिशेब घरी ठेवा. बुकात आहे तेच वय."

त्यांनी बुकातल्या तारखेवर बोट ठेवलं. मग चेहरा उजळला. "म्हणजे पंचावन्न झाली? डॉक्टर हरला की रे!"

त्या दिवशी शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना जिलबी. जाताना खुर्चीला हात लावून नमस्कार केला.

तीनेक महिन्यांनी एक ओव्हरसियर शाळेचा दाखला घेऊन भांडायला आला. "अरे भाई, मुझे एक साल पहले ही बूढ़ा कर दिया?" त्याचाही जन्म माघातला. मी पंचांग काढून पाहिलं, तर चूक माझीच होती. बाकीची बुकं दुरुस्त केली. दत्तोपंतांचं तिवारीजींपुढे ठेवलं.

"दरख्वास्त दें तो वापस बुला लेंगे," ते म्हणाले. "आपने बताया उनको?"

अर्जाचा मसुदा खिशात घालून मी माधव नगरला त्यांच्या घरी गेलो. दत्तोपंतांचा आवाज गेला होता. पाटीवर लिहून बोलायचे. मला पाहताच त्यांनी बायकोला, म्हणजे काकूंना, खूण केली. जिलबीची.

"रोज तुझं नाव काढतात," काकू म्हणाल्या. "वामननं पंचावन्नचा कागद हातात दिला. आता पुढचे सगळे दिवस म्हणे वरकड मिळालेले."

दत्तोपंतांनी पाटी माझ्याकडे फिरवली. त्याच सुरेख अक्षरात लिहिलं होतं, 'तुझे उपकार.'

मला संताप आला. किती आभार मानायचे माणसानं! एकदा तरी तक्रार केली असती, तर मला तोंड उघडता आलं असतं. खरं सांगितलं तर खुर्ची परत मिळेल, पण पंचावन्न जाईल, असं मी स्वतःला समजावलं. ते निमित्त होतं. मला चूक कबूल करायची लाज वाटली. जिलबी खाल्ली आणि उठलो.

पुढचा माघ लागायच्या आत दत्तोपंत गेले. कागदावर पंचावन्न पूर्ण, प्रत्यक्षात नाही.

नंतर हाताखाली आलेल्या क्लार्कांना मी एवढंच शिकवलं, की वजाबाकीच्या आधी महिना बघा, आणि समोरचा माणूस काही विचारत असेल तर पेन खाली ठेवा.

तो मसुदा अजून माझ्याकडे आहे. माधव नगरला जाताना पाठ केलेलं वाक्य त्याच्या मागे पेन्सिलीनं लिहिलेलं आहे: 'दादा, तुमचा हिशेब बरोबर होता. माझा चुकला.'