जायला पाच, यायला साडेतेरा

माझ्या दुकानात शिरले की शेजारचे काका मनगटावरच्या घड्याळावर दोन बोटं ठेवत, मग माझ्या भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत आणि शेवटी माझ्याकडं. भरवसा फक्त मनगटावरच्या घड्याळावर.

"टाइम खोटं बोलत नाय रं, मानूस बोलतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. खोपोलीच्या एका कारखान्यात ते टाइमकीपर होते. गेटवर बसून कामगारांच्या कार्डावरच्या आल्या-गेल्याच्या वेळा तपासायच्या आणि उशिरा येणाऱ्याच्या कार्डावर लाल पेन्सिलीनं रेघ मारायची, यात उभा जन्म गेला. डॉक्टरनं ताप सांगितला तरी थर्मामीटर स्वतः बघणारा असा एखादा तुमच्याही ओळखीत असेल. रिटायर झाल्यावर संशय घ्यायला कामगार उरले नाहीत, तेव्हा त्यांची नजर माझ्या विमानाच्या तिकिटांच्या दुकानावर वळली.

मुलगा लंडनला होता. सहा वर्षांत एकदाही आला नव्हता. लांब पडतं, येण्याजाण्यातच चार दिवस मोडतात, असं तो फोनवर सांगे. काकांना ते पटत नव्हतं. एका दुपारी त्यांनी लंडन किती लांब ते मला विचारलं. मी बघून सांगितलं, साधारण सात हजार दोनशे किलोमीटर, थेट विमानानं साडेनऊ तास.

"म्हंजे एक पाळी आन् वर थोडा ओव्हरटाइम," ते म्हणाले. पोरगा पाळीभर अंतरावर असून येत नाही, हे त्यांना फार लागलं. खरं सांगितल्याचा मला पश्चात्ताप झाला.

दुसऱ्या दिवशी परत हजर. वेळा छापील पाहिजेत म्हणाले. मी कागद काढून दिला. मुंबईहून दुपारी एकला सुटून लंडनला संध्याकाळी सहा. लंडनहून सकाळी दहाला सुटून मुंबईला रात्री साडेअकरा. काकांनी तो हजेरीच्या कार्डासारखा तपासला आणि मला पकडलंच. काल साडेनऊ म्हणालास, मग इथं पाच कसे? तिथलं घड्याळ या दिवसांत आपल्यापेक्षा साडेचार तास मागं असतं, हे मी तीनदा समजावलं. पण एका गेटवर एक आणि दुसऱ्या गेटवर दुसरी वेळ चालवणारा कारखाना त्यांनी पाहिला नव्हता.

"जायला पाच, यायला साडेतेरा," कागदाची घडी घालत ते म्हणाले. "तरीच पोरं जातात, येत नायत."

मला हसू येत होतं, ते तोंडातच राहिलं.

घरी त्यांनी कारखान्यातलं एक कोरं कार्ड मुलाच्या नावानं भिंतीला अडकवलं होतं. 'गेला' खाली वेळ लिहिलेली, 'आला' खाली रिकामं. शेजारी दोऱ्याला बांधलेली लाल पेन्सिल. काकू रोज त्यावरची धूळ पुसत.

गेल्या माघात काका गेले. सकाळी मुलाला मीच फोन केला. आम्ही त्याच्यासाठी थांबलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो दारात उभा होता. चार दिवस सोडा, येऊन-जाऊन दोनच झाले असते. काकांचा संशय खरा निघाला, आणि याचा मला त्या पोरापेक्षाही जास्त राग आला.

सगळं आटोपून घरी आल्यावर तो कार्डापुढं थांबला. त्याचं घड्याळ अजून लंडनच्याच वेळेवर होतं. सकाळी पोचलो तेव्हा किती वाजले होते, असं त्यानं मला विचारलं. आठ वाजून दहा मिनिटं, मी म्हणालो. त्यानं 'आला' खाली तेवढं लिहिलं.

काकूंनी दोरा सोडून लाल पेन्सिल त्याच्या हातात दिली.

"रेघ तुझी तूच मार रं," त्या म्हणाल्या. "मारनारा नाय आता."