साडभाऊंच्या डोक्यातली माझी नोंद

माझ्या साडभाऊएवढा बिनकामाचा आणि तरी सगळ्यांच्या कामाचा माणूस अख्ख्या नागपुरात दुसरा झाला नाही. हे मी लिहितो आहे, ज्यानं आयुष्यात कोणाला सहजासहजी बरं म्हटलं नाही, तेव्हा ते खरंच समजावं. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचा नवरा. सक्करदऱ्याला आमची एकच गल्ली. तिच्या तोंडाशी त्यांचं घर, शेवटाला विहीर आणि विहिरीला लागून माझं घर. सकाळचा चहा घेऊन ते ओट्यावर बसले की गल्लीचा कारभार सुरू. कोणाला काय येतं, कोणाकडे काय आहे, त्याची नोंद त्यांच्याकडे. कोणाला काय पाहिजे, त्याची विचारणाही त्यांच्याचकडे. वही नाही, पाटी नाही, सारं डोक्यात. मी निदान चौथीपर्यंत गेलो. साडभाऊ शाळेच्या वाटेलाही गेले नव्हते, म्हणून त्यांच्या डोक्यात जागा भरपूर होती.

त्यांचा कायदा असा, की विचारताना नाव घ्यायचं नाही, काम सांगायचं. "कंपाउंडर कुठं राहते जी?" असं कोणी विचारलं की साडभाऊ आकाशाकडे पाहायचे. "कोन कंपाउंडर? काम सांग." मग त्यानं म्हणावं, "पोरीले ताप हाय, सुई द्याची हाय," की लगेच उत्तर: "लिंबाजवळचं दार. आता जेवून राहिला तो, हात धुतले का घेऊन जाय." एकदा एक जण शिडी मागायला आला. "शिडी कायले?" "कवेलू फिरवाचे हायेत." त्याला शिडी मिळालीच नाही. त्याच्या दारात एक असा उंच माणूस जाऊन उभा राहिला, ज्याचा हात स्टुलावरूनच छपराच्या कौलांना पोचायचा. बिचारा तक्रार घेऊन आला, तर साडभाऊ म्हणाले, "तुले कवेलू फिरवाचे होते, का शिडीवर चढाची हौस होती गा?" नावं त्यांच्या डोक्यात टिकतच नसत. कंपाउंडर 'सुई', उंच माणूस 'कवेलू', आणि खुद्द त्यांचा जावई, तो स्टेशनात खिडकीमागे बसायचा म्हणून, चारचौघांत 'तिकीट'.

नोंद करायची तर स्वतः ओट्यापाशी यावं लागे आणि मोठ्यानं सांगावं लागे. नुसतं सांगून भागत नसे. कंपाउंडरची नोंद पक्की करायला साडभाऊंनी धडधाकट असताना सुई टोचून घेतली आणि दिवसभर लंगडत त्याची तारीफ करत फिरले. पाटवडी-रस्सा करणारा एक जण आला, त्याची परीक्षा मात्र हिवाळाभर चालली. दर वेळी ताटात बोट फिरवून म्हणायचे, "अजून नोंद पक्की झाली असं म्हनता येत नाही."

गल्लीत शिडी मात्र होती, आणि ती माझी होती. इतवारीच्या बाजारातून हातगाडीवर घालून आणली. घरापर्यंत पोचली नाही. साडभाऊ गल्लीच्या तोंडाशीच उभे. "शिडी आली? बेस झालं. आता कोनाची हाय ते इसरा." पुढे मलाच माझ्या शिडीसाठी ओट्यापाशी जाऊन काम सांगावं लागे आणि "सध्या ती कामावर हाय" हे ऐकून परत यावं लागे. त्यातच शेजाऱ्यानं दुसरी शिडी आणली, तेव्हा साडभाऊ खवळले. एका गल्लीत एका कामाला एकच वस्तू, नाहीतर लोक विचारायचं सोडून देतील, असं त्यांचं म्हणणं. "त्या शिडीची बाज करून टाक," त्यांनी फर्मावलं, आणि त्यानं खरंच सुताराकडून पाय लावून झोपायची बाज करून घेतली. वस्तू परत आली की साडभाऊ तिच्यावर हात ठेवून म्हणत, "मोकळी." माणसालाही तसंच. साडभाऊंनी 'मोकळा' म्हटल्याशिवाय कामावरचा माणूस कामावरचाच.

आता माझं सांगतो. मला बैठकीत बोलता येतं. सोयरीक जुळवणं, रुसलेला व्याही वळवणं, ही कामं माझ्यासारख्यानं करावी. म्हणून मी ओट्यावर गेलो आणि म्हणालो, माझी नोंद घ्या. साडभाऊंनी तंबाखू मळली, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुमची नोंद हाय, साडभाऊ. कधीची हाय."

"कायची?"

"काम निंघालं का समजन."

काम निघेचना. गल्लीत बैठका झाल्या, सोयरिकी मोडल्या, जुळल्या, बोलावणं दुसऱ्यांना. आमच्या घरातून रोज टोमणा. साडभाऊ म्हणजे बायकोचे भाटवे, बहिणीचे यजमान. "अजी, आमच्या भाटव्यानं शिडीलेही कामाले लावलं," बायको म्हणायची, "तुमीच तेवढे ठेवनीतले." मलाही गल्लीतून जाताना वाटायचं, हा माणूस मला कशात मोजतो?

आणि मग त्या उन्हाळ्यात विहिरीचं प्रकरण उपटलं. विहिरीखालची जागा इतवारीच्या एका कापडवाल्या शेटनं घेतली होती. त्याला विहीर बुजवून गोदाम बांधायचं होतं. गल्लीत नळ आला नव्हता. ती विहीर गेली की हंडे घेऊन तलावापर्यंत जायचं. सकाळी मुरमाचा ट्रक येऊन उभा राहिला. बाया ओरडू लागल्या, सुई आणि कवेलू नुसते बघत राहिले. तेवढ्यात साडभाऊ माझ्या दारात.

"साडभाऊ, चला. काम निंघालं."

मी काळी टोपी घातली, कोट चढवला, मनात चांगली दहा-बारा वाक्यं जुळवली. विहिरीपाशी आलो, तर म्हणतात, "कठड्यावर बसा."

"बोलू कोनासंग?"

"बोलू नोका. बोलले का बिघडन. नुसतं बसा. मी म्हनन तवाच उठा."

बसलो. ड्रायव्हर आला, "बाबाजी, उठो." नाही उठलो. शेट आला, हात जोडले, मग डोळे वटारले, मग साडभाऊंना विचारलं, "ये हैं कौन?"

"हे आमचे हटून बसनारे," साडभाऊ म्हणाले. "ह्यायच्या लग्नात कबूल केलेली सायकल दिसे ना, त सासऱ्यानं पाय धरले तरी मांडवातून उठले नाही. मी तवाच नोंद करून ठेवली."

सगळी गल्ली हसली. बायाही हसल्या, त्यात माझी बायको. सायकल कबूल केली होती म्हणून बसलो होतो; आजही बसेन. पण अख्ख्या गल्लीदेखत! मला असा संताप आला, की साडभाऊ 'उठा' म्हणाले असते तरी मी उठलो नसतो. ऊन चढलं, टोपी तापली. बायकोनं भाकर आणून शेजारी ठेवली आणि पहिल्यांदाच टोमणा न मारता गेली. दिवस कलताना शेटनं कंटाळून मुरूम तिथंच ओतायला लावला आणि ट्रक परत नेला. साडभाऊंनी तो मुरूम लगेच गल्लीच्या खड्ड्यांच्या नावे नोंदवून टाकला. मला म्हणाले, "आजचं झालं, घरी जा. पन मोकळं केलं नाही तुमाले. तो पुन्हा येईन." तो आला नाही. विहीर राहिली.

पुढे नळ आले. घरोघरी शिड्या झाल्या, त्यांची बाज करा म्हणणारं कोणी राहिलं नाही. साडभाऊ ओट्यावर बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणत, "काम सांग ना गा." लोक हसून पुढे जात. मी कधीमधी खोटंच एखादं काम काढून जायचो. कवेलू फिरवायचे आहेत म्हणायचो. माझ्या घरावर तेव्हा कवेलू जाऊन स्लॅब आला होता, हे त्यांना ठाऊक होतं. तरी विचार करून पत्ता सांगायचे.

शेवटी खाटेला टेकले, तेव्हा एकेकाला बोलावून घेतलं. सुईच्या हातावर हात ठेवला, "मोकळा." कवेलू वाकला, "मोकळा." भिंतीला टेकवलेल्या माझ्या म्हाताऱ्या शिडीकडे पाहून म्हणाले, "तीही मोकळी." सगळे गेले. मी पायथ्याशी उभा.

"अन मी, साडभाऊ?"

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. ओठ जरासे हलले, हसले असावेत.

"तुमी बसा," म्हणाले.

विहिरीचं पाणी आता कोणी ओढत नाही, तोंडावर जाळी टाकली आहे. संध्याकाळी मी टोपी घालून कठड्यावर जाऊन बसतो. नवीन राहायला आलेले विचारतात, "बाबाजी, इथं काहून बसले?" मी सांगतो, कामावर आहे, अजून मोकळं केलेलं नाही.