गेटवर बसून निवडलेलं कॉलेज

तुम्ही तुमचं कॉलेज कसं निवडलंत? खरं सांगा. टक्के बघून, शेजाऱ्याच्या पोराकडे बघून, की वडिलांनी बोट दाखवलं म्हणून? ओशाळू नका, बहुतेकांचं असंच असतं. म्हणून तर चेनवालीची गोष्ट सांगायची.

आज तिचं बॅगांचं वर्कशॉप आहे. मशिनींच्या खडखडाटात तिथं ओरडूनच बोलावं लागतं. पण जुन्या गल्लीतली माणसं तिला अजून चेनवालीच म्हणतात आणि तिलाही तेच गोड लागतं, कारण सगळं सुरू झालं ते एका खिडकीतून.

आई कपडे शिवायची. रस्त्याकडची खोली, खोलीला रुंद खिडकी, खिडकीशी आईचं मशीन. शाळेत असताना पोरीनं स्वतःच्या दप्तराची चेन पकडीनं दाबून नीट केली. मग मैत्रिणीची, मग मैत्रिणीच्या भावाची. बारावीला पोचेपर्यंत खिडकीचा कट्टा तिचा झाला होता. एक पक्कड, मेणबत्तीचा तुकडा आणि बिस्किटांच्या डब्यात चेनीवर सरकणारे नाना तऱ्हेचे रनर, एवढंच भांडवल.

"ताई, ही बॅग खरं तर टाकायचीच होती."

"मग टाकली का नाही? माझ्याकडे कशाला आणली?"

असं फाडकन बोलून ती चेन सरकवून दाखवायची. तो सर्र आवाज झाला की समोरच्याच्या कपाळावरच्या आठ्या जायच्या. त्या आवाजासाठी ती दिवसभर मान मोडून बसायची.

बारावीला मार्क चांगले पडले आणि घरात सभा भरली. मामा सरकारी कचेरीतले. निर्णय घ्यायचा म्हटलं की इस्त्रीचा शर्ट घालून यायचे.

"धंदा करतेस ना? मग कॉमर्स. कोपऱ्यावरचं कॉलेज. सकाळी तास, दुपारी खिडकीत हजर. यात डोकं खाजवण्यासारखं आहे काय?"

बोलणं पटण्यासारखं होतं. पोरीला धास्ती एकाच गोष्टीची होती. बाजारात स्वस्त बॅगांचे ढीग लागले होते. खिडकी बंद दिसली की गिऱ्हाईक सरळ तिकडे वळणार आणि वळलेलं परत येणार नाही.

तरी ती म्हणाली, "मी बघून येते."

"काय बघतेस? इमारत आहे तिथंच आहे."

"इमारत नको. दप्तरं बघायचीत."

घडीचं स्टूल आणि डबा घेऊन ती कॉमर्स कॉलेजच्या गेटवर जाऊन बसली. घोळका जमला. दप्तरं हलकी, एक वही आणि एक कंगवा. पोरं हसरी, बोलघेवडी. एकानं तर तिथंच तिला धंदा शिकवायला घेतला: "ताई, भावाचा बोर्ड लाव. नेहमीच्या गिऱ्हाइकाला सूट दे." हे सगळं ती शाळेपासून करत आली होती. पण पोरं आवडली. इथं आपलं जमेल, असं मनात धरूनच ती उठली.

पण दुसरा भाव विचारल्याशिवाय ती साधा दोरासुद्धा घेत नसे. म्हणून दुसऱ्या दिवशी बस बदलून गावाबाहेरच्या तंत्रनिकेतनाच्या गेटवर गेली. इथली दप्तरं जड, तेलकट, लोखंडी पट्ट्यांनी भोसकलेली. काम रग्गड होतं. एक टकले गृहस्थ बॅग घेऊन आले आणि चक्क उकिडवे बसले. ते वर्कशॉपचे सर होते. चेन दुरुस्त झाली तरी उठेनात.

"ही कोपऱ्यावरच का बिघडली?"

"स्वस्तातली आहे."

त्यांनी शेजारची महागडी बॅग उचलली. तीही कोपऱ्यावरच बिघडलेली. "आणि ही?"

"वापर जास्त झाला."

"वापर काय फक्त कोपऱ्यातच होतो?"

पोरीचे कान तापले. "सर, चेन दुरुस्त करून हवीय की भांडायचंय?"

"दोन्ही," ते हसले. "मलाही उत्तर ठाऊक नाही गं. पण शोधायचं कसं ते इथं शिकवतात."

ती धुसफुसत घरी आली. भिंतीवर टांगलेली प्रत्येक बॅग खाली काढून बघितली. कोपरा, कोपरा, पुन्हा कोपरा. एवढी वर्षं आपण तीच जागा दाबत आलो आणि का बिघडते हे एकदाही विचारलं नाही, याचा तिला स्वतःवरच संताप आला. त्या दिवशी ती जेवली नाही.

सकाळी तिनं सांगून टाकलं, "मेकॅनिकल. तंत्रनिकेतन."

मामा उडाले. "अगं, दिवसभराचं कॉलेज ते. खिडकीचं काय?"

"बंद."

"चालता धंदा कुणी हातानं बंद करतं का?"

"मामा, नाहीतर म्हातारी होईपर्यंत तोच कोपरा दाबत बसेन."

आईनं मशीन थांबवलं. "संध्याकाळी उघड. दिवसा आलेल्या बॅगा मी ठेवून घेईन. थांबायचं ते थांबतील."

मग आई प्रत्येक बॅगेला दोरा बांधायची. रनर गेला तर लाल, शिवण उसवली तर पांढरा. पण सगळे थांबले नाहीत. पहिल्यापासून येणारी दवाखान्यातली नर्सबाई एकदा बसमध्ये नवी कोरी बॅग घेऊन दिसली. पोरीनं तोंड खिडकीकडे फिरवलं. आजही हे सांगताना तिचा आवाज जरा उतरतो.

उत्तर सापडायला बराच काळ गेला. अरुंद कोपऱ्यात हात चेन आडवी ओढतो आणि दर वेळी रनरचा जबडा किंचित फाकतो. तिनं आईच्या मशीनवर ऐसपैस गोलाईची बॅग शिवली, दुसऱ्या हाताला धरायला कापडी कान लावला आणि ती नर्सबाईंच्या घरी नेऊन दिली.

"खिडकी बंद दिसली म्हणून नवी घेतली होती गं," बाई ओशाळून म्हणाल्या.

"घ्यायचीच होती. आता ही वापरून बघा आणि शिव्या द्यायला तरी या."

बाई आल्या. शिव्या द्यायला नव्हे, बहिणीसाठी तशीच बॅग मागायला.

आता आई नाही. त्या खोलीत दुसरं बिऱ्हाड आहे, खिडकीला काच बसली आहे. तिथून जाताना चेनवालीची चाल अजून मंदावते. बिस्किटांचा डबा मात्र तिच्या टेबलावर आहे. कॉलेज कुठलं घेऊ, असं विचारत पोरंपोरी येतात, तेव्हा ती तो डबा बोटानं वाजवते आणि विचारते, "गेटवर बसून आलास का?"

तुमच्या घरातही यंदा कुणाचं तरी कॉलेज ठरत असेल. कृपा करून तुमचं बोट खिशात ठेवा, आणि त्या पोराला, त्या पोरीला एक दिवस गेटवर बसू द्या.