पूर्वेकडचा पडदा

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही — आईला नाही, देवीपुढेसुद्धा नाही. गावात मी फटकळ म्हणून प्रसिद्ध, आणि नेमकी हीच गोष्ट पोटात ठेवली. तुम्हाला सांगते. सरळच सांगते.

२०१६ साली मी आणि माझा नवरा सखाराम डहाणूसमोरच्या एका बेटावर दीपगृह सांभाळायचो. पावसाळा संपला की होडीने जायचं, पुढचा पाऊस यायच्या आत तलासरीला भातशेतीवर परतायचं. पाणी, जेवण, झाडलोट माझ्याकडे. वरचा दिवा त्याचा. सकाळी दिवा विझवला की तो काचांना आतून जाड पडदे लावायचा. दिव्याभोवती मोठं भिंग — त्यातून ऊन गेलं तर आतलं सगळं जळेल. मला हे ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं.

चैत्रात विवळवेढ्याला महालक्ष्मीची जत्रा भरली. त्या वर्षी बेटावरून निघता आलं नाही; माझी चुकलेली ती पहिलीच. सकाळीच सखाराम खाली खडकावर गळ टाकून बसला होता. मी वर गेले, पूर्वेकडचा पडदा सारला — आणि दिसला की महालक्ष्मीचा डोंगर! हात जोडले, डोळे भरून पाहिलं. मग चुलीवरचा भात आठवला आणि तशीच खाली पळाले. थोड्या वेळाने करपल्याचा वास आला, तेव्हाही मी आधी भातच पाहिला.

वरच्या वायरी जळाल्या होत्या. त्या संध्याकाळी दिवा लागला नाही. होड्या सुखरूप परतल्या, पण सकाळी दीपगृह खात्याचे साहेब आले आणि सखारामला नको नको ते बोलले. तो माझ्याकडे वळला. “मी लावलेला ना गं पडदा?”

काय सांगायचं होतं — मी उघडला, एवढंच ना? मी भ्याले. नुसती गप्प बसले असते तरी एक वेळ... पण मी साहेबांना म्हणाले, “हल्ली विसरतो तो.”

साहेबांनी त्याला काढलं नाही. पुढच्या हंगामाला बोलावणं आलं, ते त्यानेच नाकारलं. विसराळू माणसाने दिव्याला हात लावू नये, म्हणाला. त्या दिव्यावर त्याचा फार जीव होता.

आजही तो बाजाराला निघाला की अर्ध्या वाटेवरून परत येतो आणि दाराची कडी ओढून पाहतो. कडी लागलेलीच असते. त्या दिवशी पडदाही त्याने लावलेला होता. उघडला मी.