डीपीचं दार

वीज कंपनीत वायरमन म्हणून केस पिकले, तरी त्याला सगळे बारक्याच म्हणत. अंगानं चांगला आडवा माणूस. पण भावंडांत धाकटा म्हणून घरात पडलेलं नाव ऑफिसातही चिकटलं. त्याच्या जोडीदाराला म्हणत लंबू, कारण तो जेमतेम बारक्याच्या खांद्याला लागायचा. दोघांचं अर्धं आयुष्य एकाच शिडीवर चढण्या-उतरण्यात गेलं होतं.

बाजारगल्लीतली डीपी त्यांच्याकडे होती. डीपी म्हणजे ओट्यावर बसवलेला ट्रान्सफॉर्मर, त्याच्या कडेला फ्यूजची पेटी, भोवती लोखंडी जाळी आणि बाहेरच्या बाजूला उघडणारं एकच दार. चारही बाजूंनी माणूस मोकळेपणी फिरेल, जाळ उठला तर मागे सरता येईल, एवढी जागा हवी. गल्लीनं ती केव्हाच गिळली होती. एका अंगाला चपलांचं दुकान, पाठीमागे कुणीतरी चढवलेली भिंत, जाळीवर वाळत घातलेले कपडे. आणि दाराशी शिलाई मशीन घेऊन बसायची बारक्याची सख्खी थोरली बहीण. नवरा गेल्यावर चेन बदल, पँटची उंची कमी कर, असं करत तिनं दोन मुली वाढवल्या होत्या.

बारक्या दुकानदारांना हटकायला गेला की एकच उत्तर मिळे, "आधी बहिणीला उठवा, मग आम्हाला शिकवा."

हे त्याच्या जिव्हारी लागलं. एका संध्याकाळी तो तिच्याकडे गेला.

"ताई, तू ऊठ तिथून. तू उठलीस की सगळ्यांची तोंडं बंद होतील."

"आणि मी कुठे बसू?"

"बघू काहीतरी. पण तिथे बसणं म्हणजे जिवाशी खेळ आहे गं."

ती बराच वेळ सुईत अडकलेला दोरा सोडवत राहिली. मग म्हणाली, "माझ्यापायी तुझी मान खाली नको जायला. उठते."

मशीन घरात गेलं. घर तिसऱ्या मजल्यावर. एका चेनसाठी एवढे जिने कोण चढणार? गिऱ्हाईक तुटलं. शेवटी ती एका कपड्यांच्या कारखान्यात उभ्यानं धागे कापायच्या कामाला लागली.

बाकी कुणी तसूभर हललं नाही. बारक्यानं साहेबांच्या कानावर घातलं. साहेब नगरपालिकेकडे बोट दाखवत, नगरपालिका साहेबांकडे. आणि ताईच्या रिकाम्या जागेवर मोबाइल कव्हरवाल्यानं लोखंडी टपरी आणून जमिनीत बोल्ट ठोकले. डीपीचं दार आता वीतभर उघडायचं आणि अडायचं.

एका दुपारी अर्ध्या गल्लीची लाइट गेली. फ्यूज उडाला होता.

"तुझं पोट काही या फटीतून जायचं नाही," लंबू हसला. "मी जातो."

"थांब रे, आधी टपरी हलवायला लावू."

पण भोवती गर्दी जमली होती. "अहो, किती वेळ? फ्रीजमधला माल खराब होतोय!" तोवर लंबू अंग चोरून आत शिरलाही होता.

पुढे गल्लीत दोन तारा एकमेकींना चिकटल्या होत्या, हे कुणाला ठाऊक नव्हतं. फ्यूज जागेवर बसताच डोळे दिपवणारा जाळ उठला. लंबू मागे उसळला. पाठीला टपरीचा पत्रा. बारक्यानं फटीतून हात घालून त्याची कॉलर धरली, तर जळका शर्टच हातात आला. चौघांनी पहार घालून टपरी वाकवली, तेव्हा कुठे त्याला बाहेर ओढता आलं.

ताई कारखान्यातून थेट हॉस्पिटलात आली. बाकावर बारक्याशेजारी बसली, त्याच्याकडे न बघता बोलली.

"तुम्ही दोघं आलात की मी मशीन बाजूला ओढून घ्यायचे. दार सताड उघडायचं. आठवतंय?"

बारक्याला आठवत होतं. ती उठून गेली, ती पुन्हा त्याच्या घरी आली नाही.

चौकशी झाली. कर्मचाऱ्यानं सुरक्षित अंतर पाळलं नाही, असं ठरलं. जाळीवर धोक्याची लाल पाटी लागली. टपरी सरळ झाली, बोल्ट नवे आले, आणि मालकानं त्या पाटीच्या खिळ्याला कव्हरांची माळ अडकवली. बारक्यानं ती ओढून खाली टाकली, तेव्हा साहेबांनी त्यालाच बोलावून दम भरला.

लंबू जगला. दोन्ही हातांची बोटं मात्र एकमेकांत चिकटून आखडली. बारक्या अधूनमधून त्याच्याकडे जातो. परवा गेला तेव्हा लंबूची बायको त्याला भरवत होती.

"दार मोकळं झालं का रे?" लंबूनं विचारलं.

खोटं बोलावं असं बारक्याच्या मनात आलं. पण या माणसाशी तो कधी खोटं बोलला नव्हता.

"नाही. आहे तसंच आहे."

लंबूनं तोंड भिंतीकडे वळवलं. त्याच्या बायकोनं हातातला घास थोडा वेळ तसाच धरून ठेवला आणि मग ताटात परत ठेवला.