दुपारी एक ते चार

शनिवार पेठेतलं दामल्यांचं चष्म्याचं दुकान दुपारी एक ते चार बंद असे, आणि कासिम शेखचं कॉलेज त्या तीन तासांच्या आधारावर चाललं होतं. सकाळी सात ते नऊ कर्वेनगरला तास, साडेनऊला दुकान. मंगळवारी आणि शुक्रवारी दीड वाजता पुन्हा कर्वेनगर, कारण तेव्हा कॉम्प्युटरचं प्रॅक्टिकल. इतर दुपारी मुलीला बालवाडीतून आणायचं. चारच्या ठोक्याला तो दुकानातल्या मशीनवर हजर.

बारावीनंतर वडील गेले तेव्हा तो दामल्यांकडे भिंगं घासायला लागला. त्या गोष्टीला तेरा वर्षं झाली होती. आता तो पदवीच्या शेवटच्या वर्षाला होता. वर्गातली मुलं त्याला सर म्हणत. पहिल्या दिवशी चुकून, पुढे सवयीनं.

२००२ च्या जानेवारीत नदीपलीकडे चष्म्यांची मोठी शोरूम निघाली. सकाळी दहा ते रात्री नऊ, मध्ये सुट्टी नाही. सीताराम दामले ती एकदा बघून आले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी दारावरची वेळेची पाटी उतरवली. पंधरा दिवस दुपारीही दुकान उघडं ठेवायचं, गिऱ्हाईक आलं तर कायमचं. वरच्या मजल्यावर जाऊन झोपायची पद्धत मात्र त्यांनी सोडली नाही. दुकानात कासिमनं बसायचं होतं.

आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनात कासिमची काही प्रॅक्टिकल आधीच बुडाली होती. आणखी चार बुडाली तर चालणार होतं. पाचवं बुडालं की हॉल तिकीट नाही, म्हणजे वर्ष गेलं. पंधरा दिवसांत नेमकी चार येत होती. त्यानं हे दामल्यांच्या कानावर घातलं.

"परीक्षा तुझी, दुकान माझं," दामले म्हणाले. "पंधरा दिवसांनी बघू कोण पास होतं."

मुलीला आणायचं काम त्याच्या बायकोकडे, रुकसानाकडे गेलं. ती घरी ब्लाउज शिवत असे. ते मागे पडू लागले. इकडे दुपारी दुकानात कोणी फिरकत नव्हतं. पेठेतल्या लोकांना दुकान बंद असतं हे पाठ होतं, आणि उघडं दार बघून ते आत येण्याऐवजी कोणी आजारी आहे का, असं विचारत. रोज चार वाजता दामले खाली येत आणि कोणी आलं होतं का, विचारत. नाही, असं कासिम सांगे, आणि ते खरं असे.

शेवटच्या शनिवारी पावणेदोनला चार मुलंमुली आत आली. गळ्यात कंपनीची ओळखपत्रं. स्क्रीनसमोर बसून डोळे दुखतात, तपासून चष्मे करायचे होते. कासिमनं भिंगावरून मान वर केली आणि म्हणाला, "चारनंतर या."

ती निघून गेली. मशीन पुन्हा सुरू केल्यावर त्याला आपण काय बोललो ते कळलं. तो बाहेर धावला. रस्त्यावर कोणी नव्हतं.

चार वाजता दामले खाली आले. "कोणी आलं होतं?"

नाही म्हटलं असतं तर सोमवारी पाटी परत लागली असती, हे कासिमला माहीत होतं.

"चौघं आली होती," तो म्हणाला. "मी चारनंतर या म्हणालो."

"मुद्दाम?"

"नाही काका. तोंडातून गेलं."

दामल्यांनी चष्मा काढून पुसला. हे वाक्य त्यांनी स्वतः चाळीस वर्षं लोकांना ऐकवलं होतं. "तेरा वर्षांत माझ्याकडून एवढंच शिकलास," ते म्हणाले. दुकान दुपारी उघडंच राहणार, हे त्यांनी तिथेच सांगून टाकलं. मग म्हणाले, "पण तुला बसवण्यात अर्थ नाही. हे वाक्य न शिकलेलं माणूस पाहिजे. घरी कोण आहे?"

सोमवारपासून रुकसाना येऊ लागली. एक ते चार, पगारावर. मुलगी काउंटरमागे सतरंजीवर झोपे. दामल्यांनी रुकसानाला फ्रेमा दाखवायला आणि नंबराचा कागद वाचायला शिकवलं. तिची शिलाईची गिऱ्हाइकं निम्मी तुटली. त्याबद्दल ती घरी एकदा बोलली, पुन्हा नाही. त्यानंतर कासिमचं एकही प्रॅक्टिकल चुकलं नाही.

मार्चमध्ये हॉल तिकीट मिळालं. ते दाखवायला तो पावणेचारलाच दुकानात आला. काउंटरसमोर ओळखपत्रवाली तिघं उभी होती आणि रुकसाना एकाच्या नाकावर फ्रेम बसवून बघत होती. तिनं मान न वळवता हात वर केला.

"थांबा जरा," ती म्हणाली. "गिऱ्हाईक आहे."