खान्ह होआ प्रांताविषयी सर्व काही

माझ्या भाचीला लातूरमध्ये दोनदा प्रयत्न करूनही मेडिकलची सीट मिळाली नाही. बहीण तिच्यासोबत भाड्याच्या खोलीत राहिली, दाजी मुदखेडच्या शाळेत शिकवत राहिले. तिसऱ्यांदा परीक्षा देण्याऐवजी दाजींनी तिला डॉक्टरकीसाठी व्हिएतनामला पाठवलं. खान्ह होआ हा तिथला समुद्रकाठचा प्रांत. अभ्यासक्रम इंग्रजीत होता. पुढे वॉर्डात जायचं तर व्हिएतनामी भाषेची परीक्षा पास करावी लागते, हे प्रवेश करून देणाऱ्या एजंटानं सांगितलं होतं. तिकडं गेली की भाषा आपोआप येईल, असं सगळे धरून चालले.

ती फोनवर प्रांताबद्दल भरभरून बोलायची. पाकोळ्या बेटांवरच्या गुहांत लाळेनं घरटी बांधतात, ती काढून विकतात आणि त्याचं सूप श्रीमंत लोक पितात. समुद्रात पिंजरे टाकून शेवंड, म्हणजे लॉब्स्टर, वाढवतात. हजार-बाराशे वर्षांपूर्वी तिथं चाम राजे होते, ते शिवाला आणि भगवतीला मानत, त्यांचे संस्कृत शिलालेख आजही उभे आहेत. दाजी हे सगळं स्टाफरूममध्ये सांगत. एका सहकाऱ्यानं विचारलं, "सर, पोरगी डॉक्टर होऊन राहिली का पुराणिकबुवा?" दाजीही हसले.

गेल्या हिवाळ्यात दाजी आणि मी तिला भेटायला गेलो. पहिल्या सकाळी ती आम्हाला चाम मनोऱ्यांवर घेऊन गेली. नदीच्या मुखाशी टेकडी, वर मनोऱ्यांसारखी विटांची देवळं, खाली मच्छीमारांच्या निळ्या होड्या. तिकीट खिडकीवरच्या माणसानं तिला पाहून हात केला आणि आम्हाला तसंच आत सोडलं.

"बघा," दाजी मला म्हणाले, "डॉक्टरला सगळीकडं मान हाय."

दारावर नाचणारा शिव कोरलेला होता. आत भगवती. चाम लोकांची सत्ता गेली, व्हिएतनामी लोकांनी तीच देवी आपली आई म्हणून ठेवली आणि तिला रेशमी वस्त्रं नेसवली, असं भाचीनं सांगितलं. दाजींनी चपला काढल्या. माहूरच्या रेणुकेपुढं उभे राहतात तसे हात जोडून बराच वेळ उभे राहिले. काय मागत होते ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

बाहेर आलो तेव्हा पायऱ्यांवर सुरतच्या पर्यटकांचा एक गट होता. त्यातली एक बाई भाचीला ओळखून जवळ आली. "दीदी, कल आयलंड पर भी आप ही गाइड रहेंगी ना?"

भाचीनं तिला हळू आवाजात हो म्हटलं. बाई गेली.

दाजींनी फक्त एवढंच विचारलं, "कॉलेज?"

"सुटलं, पप्पा. दीड वर्ष झालं." ती समुद्राकडं पाहत होती. "भाषेच्या परीक्षेत नापास झाले, मग परत झाले. परीक्षेतला पेशंट कुठं दुखतंय सांगून राहिला, अन् मला एक शब्द कळत नव्हता. आपल्या लोकांना हिंदीत मंदिर दाखवता येतं मला. तेवढंच येतं."

मी म्हटलं, घरी चल. ती म्हणाली, "काय म्हणून येऊ, मामा?"

दाजी खाली बसून चपला घालत होते. पट्टा लागत नव्हता. उठल्यावर म्हणाले, "आईला बोलायचं न्हाई."

परतीच्या विमानात त्यांनी मला विचारलं की बातमी किती दिवस दाबून ठेवता येते. मी म्हटलं, मुदखेडमध्ये फार दिवस नाही.

भाची तिथंच आहे. भारतीय पर्यटक वाढले आहेत, तिला काम मिळतं. इकडं बहिणीनं तिच्यासाठी स्थळं पाहायला सुरुवात केली आहे. डॉक्टर मुलीला नवराही डॉक्टरच हवा, असं ती मध्यस्थांना बजावते. परवा नांदेडहून एक कुटुंब बोलणी करायला आलं होतं, मुलगा हाडांचा डॉक्टर. मुलाच्या वडिलांनी मुलगी कधी परत येणार असं विचारलं. बहिणीनं दाजींकडं पाहिलं. दाजींनी त्यांना आणखी चहा घ्यायचा आग्रह केला.